दोन बोटांची दंतकथा : एका असभ्य खुणेचा उगम आणि अर्थ

शिवीचा इतिहास लिहिता येतो; कारण शिवी शब्दांत असते आणि शब्द कोठे ना कोठे नोंदले जातात. असभ्य खुणेचे तसे नाही. हात खाली आला की खूण संपते. तिचा पुरावा उरतो तो दुसऱ्या कोणी केलेल्या वर्णनात किंवा चित्रात. पुराव्याची ही पोकळी भरून काढण्यास दंतकथा नेहमीच तत्पर असते. इंग्लंडमधील दोन बोटांच्या खुणेबाबत नेमके हेच घडले आहे.

तर्जनी आणि मधले बोट उभारून, तळहात स्वतःकडे व हाताची मागची बाजू समोरच्याकडे ठेवून केलेली ही खूण ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे अपमानकारक समजली जाते. तिच्या उगमाची प्रसिद्ध कथा अशी : २५ ऑक्टोबर १४१५ रोजी ॲजिनकोर्टच्या लढाईत पाचव्या हेन्रीच्या सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला. पकडलेल्या इंग्रज धनुर्धराची प्रत्यंचा ओढणारी दोन बोटे छाटण्याची धमकी फ्रेंचांनी दिली होती. विजयानंतर धनुर्धरांनी तीच शाबूत बोटे शत्रूला नाचवून दाखवली.

ही कथा सर्वस्वी निराधार नाही, आणि म्हणूनच ती फसवी आहे. त्या दिवशी फ्रेंच सैन्यासोबत असलेल्या ज्यां द वाव्रँ याच्या वृत्तांतात हेन्रीचे लढाईपूर्वीचे भाषण येते. पकडलेल्या धनुर्धरांच्या उजव्या हाताची बोटे कापण्याची बढाई फ्रेंच मारीत आहेत, असे राजा त्यात सांगतो. मात्र या संहितेत बोटे तीन आहेत, दोन नव्हेत. शिवाय धमकी येथे फ्रेंचांच्या तोंडून येत नाही; आपल्या सैनिकांना चेतवू पाहणाऱ्या राजाच्या तोंडून येते. शत्रूने खरोखर काय म्हटले याचा हा पुरावा नसून रणभाषणातील अलंकरणाचा तो नमुना असू शकतो. आणि विजयानंतर कोणी बोटे दाखवल्याचा उल्लेख वाव्रँ करीत नाही, त्याचे समकालीनही करीत नाहीत. म्हणजे कथेचा पूर्वार्ध वृत्तांतात आहे; खूण ज्यात आहे तो उत्तरार्ध मात्र नाही.

पुढे शेक्सपिअरने याच लढाईवर ‘पाचवा हेन्री’ हे नाटक लिहिले. त्यातही या बोटांचा मागमूस नाही. मौन हा दुबळा पुरावा असतो, हे मान्य. परंतु अपमानाच्या खुणेचे नाट्यमूल्य शेक्सपिअरला ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेट घराण्याचा नोकर सॅम्प्सन मॉन्टेग्यूच्या नोकरांपुढे आपला अंगठा चावतो. ‘हे आम्हाला उद्देशून का?’ असे विचारले जाताच तो आधी सोबत्याकडे वळतो आणि ‘हो’ म्हटले तर कायदा आपल्या बाजूने राहील का, याची चौकशी करतो. राहणार नाही असे कळल्यावर अंगठा चावल्याचे तो कबूल करतो. तो तुम्हाला उद्देशून चावला, हे मात्र नाकारतो. या प्रसंगाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

दोन बोटांच्या खुणेचा पहिला निर्विवाद पुरावा थेट १९०१ सालचा आहे, म्हणजे लढाईनंतर ४८६ वर्षांनी. मिचेल आणि केनियन यांनी रॉदरहॅम येथील पार्कगेट लोखंड कारखान्यातील कामगारांचे चलच्चित्र घेतले. त्यात एक कामगार कॅमेऱ्याकडे पाहून ही खूण करतो. येथे शत्रू फ्रेंच नाही. आपल्याला निरखणाऱ्या यंत्राला, किंवा त्यामागच्या माणसाला, दिलेले ते उत्तर आहे.

जानेवारी १९४१ मध्ये व्हिक्टर द लावले या बेल्जियन नेत्याने बीबीसीवरून ‘व्ही’ हे अक्षर विजयाचे चिन्ह म्हणून स्वीकारण्याचे आवाहन केले. चर्चिल यांनी ते उचलून धरले. त्यांच्या काही छायाचित्रांत हात उलटा, म्हणजे जुन्या अपमानाच्या रीतीने धरलेला दिसतो. आता एकाच चिन्हकाला दोन चिन्हिते लाभली आणि त्यांतील भेद केवळ मनगटाच्या वळणावर उरला. भरताच्या नाट्यशास्त्रातही एकाच हस्ताचे अनेक विनियोग सांगितले आहेत. आकृती अर्थ देत नाही, विनियोग देतो.

या द्वयर्थाचा कस १९७१ मध्ये हिकस्टेड येथे लागला. अश्वारोहणाची स्पर्धा जिंकल्यावर हार्वी स्मिथ या स्वाराने उलट्या हाताची दोन बोटे दाखवली. त्याचे बक्षीस काढून घेण्यात आले. आपण विजयाची खूण केली, असा बचाव त्याने केला आणि पुढे बक्षीस त्याला परत मिळाले. हा बचाव सॅम्प्सनच्याच जातीचा आहे. खूण केली हे मान्य. तुम्ही लावता तो अर्थ अमान्य.

माझ्या मते, असभ्य खुणेचा अर्थ तिच्या उगमात नसून या नाकबुलीच्या शक्यतेत आहे. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याला उघड शिवी परवडत नाही. खूण मात्र परवडते; कारण ती समोरच्याला नेमकी कळते आणि तरीही सिद्ध करता येत नाही. नोकर, कामगार आणि पंचांपुढे उभा राहिलेला स्वार यांना जोडणारा धागा हाच आहे. ॲजिनकोर्टची दंतकथा नेमका हाच धागा तोडते. ती खुणेला एक मूळ, एक शत्रू आणि एक राष्ट्रीय विजय देते. कारखान्यातल्या कामगाराच्या उद्धटपणाला धनुर्धराच्या शौर्याची वंशावळ जोडते. लोकव्युत्पत्ती शब्दाच्या बाबतीत जे करते, तेच ती हावभावाच्या बाबतीत करते. अपरिचिताला परिचित आणि अप्रतिष्ठिताला प्रतिष्ठित करून ती चौकशी थांबवते.

म्हणून दंतकथा खोटी ठरवून अभ्यासकाचे काम संपत नाही. उगम सापडत नसताना तो सापडल्याचे समाधान आपल्याला का हवे असते, हा प्रश्न उरतोच. साहित्येतिहासात एखाद्या परंपरेच्या ‘आद्य’ कृतीचा शोध घेताना तो आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. १९०१ च्या त्या चित्रफितीतील कामगाराचे पूर्वज धनुर्धर होते की नव्हते, यापेक्षा तो कॅमेऱ्याला काय सांगत होता, हे वाचणे अधिक कठीण आहे, आणि अधिक आवश्यकही.