हत्यार कोणत्या कामाचे?

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. सुताराचा रंधा हेही हत्यार आणि शिपायाची बंदूक हेही हत्यार. काम पाहून हत्यार घ्यावे, हा कामगाराचा पहिला धडा होय. शिकारीस वा नेमबाजीस अर्धस्वयंचलित रायफल घ्यावी काय, असे तरुण विचारतात, तेव्हा आम्ही हाच धडा पुढे ठेवतो.

साध्या बोल्टच्या रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून नवे काडतूस आत सारावे लागते. अर्धस्वयंचलित रायफलीत ते काम बाराच्याच जोराने होते. मात्र एकदा चाप ओढला की गोळी एकच सुटते. स्वयंचलित बंदूक चाप सोडीपर्यंत गोळ्या झाडीत राहते. म्हणजे येथे विकत मिळतो तो वेग, नेम नव्हे.

आता इतिहास पाहू. १८५७ चा उठाव इंग्रज विसरले नव्हते. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला. गोऱ्यांस त्यातून सूट आणि हिंदी माणसास परवान्याची सक्ती, हा त्यातला दंश होता. फौजेची ३०३ काडतुसे रयतेच्या हाती पडू नयेत म्हणून शिकारी रायफलीस ३१५ ही निराळी नळी आली. गिऱ्हाईक निवड करी ती सरकारने आखलेल्या रिंगणातच. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मागितला. आमची वडवणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. ते राज्य १९४८ साली संपले.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने ‘काम कोणते?’ हा प्रश्न धरला. पिकाच्या राखणीस ठासणीची बंदूक. संरक्षणास वा खेळास गुळगुळीत नळीची, निदान २० इंची. मान्य रायफल क्लबच्या सभासदास नेमबाजीसाठी २२ ची रायफल वा हवेची बंदूक. स्वयंचलित बंदुका निषिद्ध ठरल्या, आणि नियमांनी अर्धस्वयंचलितही कडक वर्गात घातल्या. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हौसेच्या शिकारीस आवर घातला. रानडुकरे पीक उद्ध्वस्त करीत असली, तरी त्यांवर बंदूक चालविण्यास वनाधिकाऱ्याची परवानगी लागते. शेतकऱ्याचे हे दुःख खरे आहे. पण त्याचा उपाय वेगवान रायफल हा नव्हे.

उरला खेळ. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले; तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, याचे आम्हां कामगारांस विशेष कौतुक. हे दोघेही ज्या ५० मीटरच्या प्रकारात जिंकले, त्यात २२ च्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने एकेक भरावे लागते. जगातली सर्वोच्च नेमबाजी अशी सावकाश चालते!

श्रोतेहो, आपल्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ नंतर परवान्याच्या पिस्तुलांचे प्रदर्शन गाजले आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ती हत्यारे ना पिकावर उभी होती, ना नेमाच्या मैदानावर. त्यांचे काम दुसऱ्यास दबविणे एवढेच होते. ज्याला नेमबाजी शिकायची आहे, त्याने आधी क्लब गाठावा, हवेच्या बंदुकीवर हात बसवावा, मग २२ कडे वळावे. आणि ज्याला काम सांगता येत नाही, त्याने हत्यार मागू नये.