कॅसेट टिकते किती, कायदा चालतो किती?

चाळीस वर्षांपूर्वीचा 'मॅनिक मायनर' आज मोबाईलवर चालतो, तो लोकांनी न विचारता केलेल्या कॉप्यांमुळे आणि एका कंपनीच्या समजूतदारपणामुळे.

१९८२ला ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. घरगुती कॉम्प्युटर, ४८ के मेमरी, १७५ पौंड. गेम गाण्यांच्या असतात तसल्याच कॅसेटवर. टेपरेकॉर्डर जोडायचा, काही मिनिटं कर्कश किरकिर ऐकायची, मग खेळ सुरू! १९८६ला ॲमस्ट्रॅडने हा धंदा विकत घेतला, पुढे मशीन बंद झालं. कॅसेटी खराब होत होत्या. हौशी लोकांनी त्या उतरवून घेतल्या, इम्युलेटर लिहिले. म्हणजे नव्या मशीनला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर.

पण त्याला मूळ मशीनच्या चिपमधला १६ के चा प्रोग्राम लागतो, आणि तो तेव्हा ॲमस्ट्रॅडच्या मालकीचा होता. १९९९मध्ये कंपनीने हक्क स्वतःकडे ठेवून तो इम्युलेटरसोबत वाटायची मोकळीक दिली. (आपल्याकडे आधी नोटीस आली असती!)

गेमचे हक्क मात्र ज्याचे त्याचे. कॉपीराइट ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आपल्याकडे ६०. तेवढी कुठली कॅसेट टिकते? आणि गेमवाली कंपनीच बुडाली असेल, तर परवानगी मागायची कुणाकडे?