कॅलिफोर्नियातील पात्र वैद्यकीय मूल्यमापक

पात्र वैद्यकीय मूल्यमापक हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील कामगार नुकसानभरपाई व्यवस्थेत, विमादाव्यांतील वैद्यकीय वादांवर मत देण्यासाठी शासनाने प्रमाणित केलेला स्वतंत्र तज्ज्ञ होय. इंग्रजीत त्याला ‘क्वालिफाइड मेडिकल इव्हॅल्युएटर’ किंवा संक्षेपाने ‘क्यूएमई’ असे म्हणतात. कामावर इजा झालेल्या कामगाराची तपासणी करून तो इजेचा कामाशी असलेला संबंध, कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण व पुढील उपचारांची गरज यांविषयी लेखी अहवाल देतो. त्याचे शुल्क मालक अथवा मालकाची विमा कंपनी भरते. पैसा एका पक्षाचा असतानाही मत निःपक्षपाती राहावे, यासाठी मूल्यमापकाची पात्रता, निवड व पुनर्नियुक्ती यांचे सविस्तर नियम करण्यात आले आहेत.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात कामगार नुकसानभरपाईचा ऐच्छिक कायदा १९११ मध्ये झाला आणि १९१३ च्या कायद्याने ती मालकांवर बंधनकारक झाली. या व्यवस्थेत अपघातात चूक कोणाची, हा प्रश्न गौण ठरतो. इजा कामामुळे झाली आहे काय आणि ती किती गंभीर आहे, हे प्रश्न मात्र उरतात व त्यांची उत्तरे वैद्यकीय असतात. दोन्ही पक्ष आपापले डॉक्टर नेमून परस्परविरोधी अहवाल सादर करीत असत. त्यामुळे खर्च वाढे आणि कोणता अहवाल विश्वसनीय, हे ठरविणे कठीण होई. १९८९ च्या सुधारणा कायद्याने शासनप्रमाणित मूल्यमापकांची पद्धत आणली. २००४ च्या सुधारणेनंतर, १ जानेवारी २००५ पासूनच्या इजांच्या बाबतीत, वकील असलेल्या कामगारालाही एकाच यादीतून मूल्यमापक निवडण्याचे बंधन आले. २०१२ च्या सुधारणेने एखादा उपचार आवश्यक आहे काय, याविषयीचे वाद ‘स्वतंत्र वैद्यकीय पुनर्विलोकन’ या वेगळ्या प्रक्रियेकडे सोपविले.

पात्रता

प्रमाणनाचे काम राज्याच्या औद्योगिक संबंध खात्यांतर्गत असलेल्या कामगार नुकसानभरपाई विभागाचे वैद्यकीय पथक पाहते. वैद्यक पदवीधरांखेरीज ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर, मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य, ऑप्टोमेट्रिस्ट, पादरोगतज्ज्ञ व ॲक्युपंक्चरतज्ज्ञ यांनाही अर्ज करता येतो. मात्र ॲक्युपंक्चरतज्ज्ञांना अपंगत्व ठरविण्याचा अधिकार नसतो.

अर्जदाराकडे कॅलिफोर्नियाचा व्यवसाय परवाना असावा लागतो. त्याला लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि अपंगत्वविषयक अहवाललेखनाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. डॉक्टरांच्या बाबतीत मान्यताप्राप्त विशेषज्ञ मंडळाचे प्रमाणपत्र किंवा मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षण अपेक्षित असते. मानसशास्त्रज्ञाला मंडळाचे प्रमाणपत्र नसल्यास डॉक्टरेट पदवी व त्यानंतरचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. एकूण व्यवसायकाळापैकी किमान एक तृतीयांश काळ प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावा, अशीही सर्वसाधारण अट आहे. केवळ दाव्यांचे अहवाल लिहून उपजीविका करणारा तज्ज्ञ रुग्णसेवेपासून दुरावतो आणि काम देणाऱ्यांवर अवलंबून राहतो, हा धोका या अटीमुळे कमी होतो. अर्जदाराला आपले आर्थिक हितसंबंधही जाहीर करावे लागतात. एका मूल्यमापकाला दहापेक्षा अधिक ठिकाणी तपासणी करता येत नाही.

निवड

वाद उद्भवल्यावर वैद्यकीय पथक संबंधित विशेष शाखेतील तीन मूल्यमापकांची नावे यादृच्छिक पद्धतीने काढते. या यादीला ‘पॅनेल’ म्हणतात. कामगाराला वकील नसल्यास तिघांपैकी एकाची निवड तो दहा दिवसांत करू शकतो. मुदत टळल्यास तो अधिकार दुसऱ्या पक्षाकडे जातो. वकील असल्यास प्रत्येक पक्ष एकेक नाव वगळतो आणि उरलेल्याकडे काम येते. वकील असलेल्या प्रकरणात दोन्ही पक्ष परस्परसंमतीने यादीबाहेरील तज्ज्ञही नेमू शकतात. त्याला ‘संमत वैद्यकीय मूल्यमापक’ म्हणतात. दुसऱ्या पक्षाला अंधारात ठेवून मूल्यमापकाशी संपर्क साधण्यास कायद्याने मनाई आहे. मूल्यमापकानेही तपासलेल्या कामगाराला आपल्याकडे उपचार घेण्यास सुचवू नये, असा नियम आहे.

तपासणी व अहवाल

तपासणीत समोरासमोर घालविण्याचा किमान वेळ ठरलेला आहे : स्नायू, अस्थी व मज्जासंस्थेच्या तक्रारींसाठी २० मिनिटे, हृदय व फुप्फुसांच्या विकारांसाठी ३० मिनिटे आणि मानसिक विकारांसाठी एक तास. सही करणाऱ्यानेच कामगाराला तपासलेले असावे लागते. प्रथम अहवाल साधारणतः ३० दिवसांत द्यावा लागतो. मंजुरीविना विलंब झाल्यास पक्षकारांना नवे पॅनेल मागता येते.

२००५ पासूनच्या इजांसाठी शारीरिक हानीची टक्केवारी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार काढली जाते. त्यानंतर त्या अपंगत्वाचा किती भाग कामावरील इजेमुळे व किती भाग अन्य कारणांमुळे आला, हेही सांगावे लागते. उदाहरणार्थ, पाठीच्या दुखापतीमुळे आलेल्या अपंगत्वाचा निम्मा भाग वयोमानानुसार झालेल्या मणक्यांच्या झिजेमुळे आहे, असे मत ग्राह्य धरले गेल्यास भरपाईची टक्केवारी निम्म्यावर येते. म्हणूनच या विभागणीमागची कारणे अहवालात स्पष्ट करावी लागतात. नुसता आकडा पुरेसा पुरावा ठरत नाही.

पुनर्नियुक्ती

नियुक्ती दोन वर्षांसाठी असते. ती पुढे चालू ठेवण्यासाठी निरंतर शिक्षण व शुल्कभरणा यांबरोबरच अहवालांचा दर्जा व वेळेचे पालन विचारात घेतले जाते. दोन वर्षांत पाचपेक्षा अधिक अहवाल न्यायाधीशांनी फेटाळले, तर पुनर्नियुक्तीस बाध येतो.

टीका

राज्य लेखापरीक्षकांच्या नोव्हेंबर २०१९ मधील अहवालाने या व्यवस्थेतील उणिवा दाखविल्या. मूल्यमापकांची संख्या घटत असताना मागणी वाढत होती आणि अहवालांच्या दर्जाची कायद्याला अपेक्षित अशी नियमित छाननी होत नव्हती. शुल्काचे दर २००६ पासून तेच होते. १ एप्रिल २०२१ पासून नवी दरपद्धती लागू झाली. तीत सर्वंकष तपासणीचे मूळ शुल्क २,०१५ डॉलर ठरविण्यात आले आणि कागदपत्रे २०० पानांहून अधिक असल्यास प्रत्येक जादा पानामागे ३ डॉलर देण्याची तरतूद झाली. पात्रतेच्या अटी कडक ठेवल्यास मूल्यमापक कमी मिळतात व कामगाराची भरपाई लांबते. त्या सैल केल्यास अहवालाची विश्वासार्हता घटते. या दोन बाजूंचा मेळ घालणे हे या व्यवस्थेपुढील मुख्य आव्हान आहे.