करडई तेल (त्वचेसाठी)

करडईच्या (कार्थॅमस टिंक्टोरियस) बियांचे तेल. लातूर जिल्ह्यातील औसा परिसरासह मराठवाड्यात करडई हे रब्बीचे जुने पीक. काटेरी झाडामुळे जनावरे अडतात म्हणून ज्वारीच्या कडेनेही ते पेरत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी कुसुम’ हा त्याचा नामांकित वाण.

नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे 75% लिनोलिक आम्ल असते. त्वचेच्या बाहेरच्या थरातील सिरॅमाइडे घडवण्यासाठी हेच आम्ल लागते आणि त्यांच्यामुळे पाणी आत टिकते. तिळाच्या तेलात लिनोलिक व ओलेइक आम्ले जवळपास सारखी, प्रत्येकी सुमारे 40% असतात. खोबरेल मुख्यतः लॉरिक आम्लाचे, 24° से. खाली ते गोठते. ऑलिव्ह तेलात ओलेइक जास्त, आणि ते त्वचेचा संरक्षक थर सैल करते. म्हणून महागडे असूनही बाळाच्या मालिशीला ते उत्तम मानणे चुकीचे आहे. ग्लिसरीन तेल नव्हे, ते पाणी ओढून धरते. बाष्प रोखण्यात मात्र व्हॅसलीनची सर कोणत्याच तेलाला नाही. भेगाळलेल्या टाचांना तेच लावावे, तेही पाय ओले असताना.

करडई तेल लवकर खवट होते. ते थोडेच आणून गडद बाटलीत ठेवावे.

फुलांतील कार्थॅमिन या तांबड्या रंगापासून जपानमध्ये ओठांचा ‘बेनी’ हा रंग बनवत.

प्रसाधनांच्या वेष्टनावर घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. करडईचे नाव यादीच्या तळाशी असेल, तर त्या क्रीमसाठी जादा पैसे देऊ नयेत.