‘अमर डाव’ आणि हुकलेल्या चाली : एक ऐतिहासिक विश्लेषण

प्रस्तावना :
इतिहासाच्या अध्यापनात ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. नांदेड-लातूरच्या वर्गांत हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकविताना, निजामाने १९४७ मध्येच विलीनीकरण का स्वीकारले नाही, हा प्रश्न टाळता येत नाही. गतकाळातील निर्णयाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हा त्यामागील मूळ मुद्दा होय. बुद्धिबळात प्रत्येक चाल नोंदविली जात असल्याने ही कसोटी तेथे तपासता येते. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात १८५१ च्या ‘अमर डावा’चा विचार केला आहे.

विषय विवेचन :
अडॉल्फ अँडरसन व लिओनेल किझेरित्स्की यांच्यातील हा डाव २१ जून १८५१ रोजी लंडन येथे, स्पर्धेबाहेर खेळला गेला. ‘अमर’ हे नाव त्यास अर्न्स्ट फाल्कबेअर यांनी १८५५ मध्ये दिले. अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती व वजीर यांचा बळी देऊन, अवघी तीन प्यादी मारून, तेविसाव्या चालीस मात केली.

अठरावी चाल निर्णायक ठरली. अँडरसनने उंट पुढे नेऊन दोन्ही हत्ती माऱ्यात ठेवले. किझेरित्स्कीने उंटाने एक हत्ती मारला. तत्काळ पांढऱ्याचे राजासमोरील प्यादे पुढे सरकले. काळ्या वजिराची बचावाची तिरपी वाट बंद झाली. विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी १८७९ मध्ये पर्याय सुचविला : प्रथम वजिराने कोपऱ्यातील हत्ती मारून शह द्यावा. त्यानंतर वजीर पूर्वीच्या घरी परतला असता, तर झुंज लांबली असती. विशेष म्हणजे विजेत्याचीही चाल हुकली होती. उंटाऐवजी माऱ्यातील हत्ती हलविणे त्या वेळी अधिक बळकट होते, असे पुढील विश्लेषणात आढळले.

मग या चाली का सुटल्या? त्या काळी झंझावाती आक्रमणास मान होता आणि देऊ केलेला बळी स्वीकारणे हा जणू शिष्टाचार होता. आपल्याकडील देशी पद्धतीतही प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. म्हणजेच ‘चांगली चाल’ ही कल्पना काळ व परंपरेनुसार घडते.

निष्कर्ष :
हुकलेल्या चाली दोन प्रकारच्या असतात : पटावर असूनही न दिसलेल्या आणि केवळ उत्तरकालीन ज्ञानाने दिसणाऱ्या. स्टाइनिट्झ यांची चाल पहिल्या प्रकारची होती. सर्व मोहरी किझेरित्स्कीसमोरच होती. निजामापुढेही विलीनीकरणाचा पर्याय होता. त्याने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार केला. त्या निर्णयास चूक म्हणणे म्हणूनच गैर नाही. परंतु सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईचा शेवट ठाऊक असल्यामुळे तसे म्हणणे गैर होय. चूक दाखविल्यावर ती त्या काळात योग्य का वाटली, हे स्पष्ट करणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.