शल्यचिकित्सकाची दीर्घ उमेदवारी आणि तिचे मोल

शल्यचिकित्सेच्या शिक्षणाला लागणारी वर्षे आणि त्यापायी सोडावे लागणारे खासगी आयुष्य या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या बाजू मानल्या जातात. परंतु इतिहासात त्यांची मुळे वेगवेगळी आढळतात.

१५४० मध्ये लंडनमध्ये न्हावी आणि शल्यकर्मी यांची संयुक्त श्रेणी, म्हणजे व्यवसायाचे नियमन करणारी संघटना, स्थापन झाली. तेथील उमेदवार साधारणतः सात वर्षे गुरूच्या घरी राहून काम शिकत असे आणि मुदत संपेपर्यंत लग्न न करण्याची अट इंग्लंडमधील उमेदवारीच्या करारात सर्रास असे. उमेदवाराच्या श्रमावर गुरूचा हक्क होता व तो गुरूच्या कुटुंबात गणला जाई. त्यामुळे ही अट हस्तकौशल्यापेक्षा त्या गृहव्यवस्थेशी निगडित होती.

आधुनिक निवासी पद्धतीचा, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याच्या पद्धतीचा, पाया अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी घातला. भूल आणि निर्जंतुकीकरण यांमुळे शस्त्रक्रिया सावकाश व काटेकोरपणे करणे शक्य झाले होते आणि अशा कामासाठी हाताइतकाच निर्णयही घडवावा लागे; म्हणून जर्मन विद्यापीठांतील धर्तीवर त्यांनी श्रेणीबद्ध जबाबदारीचे, म्हणजे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने अधिकार सोपवण्याचे, तत्त्व स्वीकारले. १९०४ मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार सहायक म्हणून सरासरी सहा आणि मुख्य निवासी म्हणून दोन वर्षे लागत. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखेचे रूप देणारे हार्वी कुशिंग याच पद्धतीत घडले. मात्र मुदत अनिश्चित होती, निवासींनी अविवाहित राहून रुग्णालयातच वास्तव्य करावे अशी अपेक्षा होती आणि वरच्या पायरीवर जागा मोजक्याच असल्याने अनेकांची वर्षे शिखर न गाठताच सरत. पुढे बोस्टनमध्ये शल्यचिकित्सक एडवर्ड चर्चिल यांनी निवडलेल्या बहुतेकांना प्रशिक्षण पूर्ण करता येईल अशी रचना आणली, तेव्हा ही गळती अपरिहार्य नव्हती हे स्पष्ट झाले.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका तरुण रुग्णाच्या मृत्यूनंतर, त्याचा संबंध या डॉक्टरांच्या थकव्याशी जोडला गेल्याने, ऐरणीवर आला. त्या राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली; युरोपीय संघाने तर ४८ तासांचे बंधन स्वीकारले. या मर्यादांमुळे शस्त्रक्रियांचा अनुभव अपुरा पडेल ही शल्यचिकित्सकांची भीती गैरलागू म्हणता येत नाही, कारण एकाच रुग्णाची शस्त्रक्रियेपूर्वीपासून बरे होईपर्यंत सलग देखभाल केल्याशिवाय निर्णयक्षमता पक्व होत नाही.

भारतात एम.बी.बी.एस., एम.एस. आणि एम.सीएच. मिळून सुमारे साडेअकरा वर्षांचा हा मार्ग पत्करावा की नाही, याचा निर्णय घेताना शिक्षणाला लागणारी वर्षे आणि खासगी आयुष्याचा त्याग यांतील हाच भेद उपयोगी पडतो. देखरेखीखाली वाढत जाणाऱ्या जबाबदारीची वर्षे त्यागाला पात्र आहेत, कारण रुग्णाची सुरक्षितता त्यांवर अवलंबून असते. परंतु झोप, विवाह आणि कुटुंब यांवर येणारा जो भार केवळ मनुष्यबळाच्या कमतरतेतून किंवा जुन्या रूढीतून उद्भवतो, तो कमी करणे हे संस्थांचे कर्तव्य ठरते आणि त्याची किंमत शिकणाऱ्याकडून वसूल करणे अन्यायाचे ठरते.