टिली शिलिंगची चकती

आजची गोष्ट बाबांच्या जुन्या गाडीपासून सुरू होते आणि थेट १९४० च्या इंग्लंडच्या आकाशात जाते. मध्ये थोडं इंजिन उघडणार आहोत, पण घाबरू नका, मी पण मेकॅनिकल वाला नाही.

मी कॉलेजात असताना बाबांची कार्बोरेटरवाली गाडी अचानक पेट्रोल प्यायला लागली. सायलेन्सरमधून काळा धूर, सिग्नलला थांबलो की पेट्रोलचा वास, आणि प्लग काढून बघितला तर नुसती काजळी. याला म्हणतात गाडी रिच चालणं. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून बरंच जास्त झालं की ते धड जळत नाही आणि अति झालं तर इंजिन गुदमरून बंदच पडतं.

पहिल्या मेकॅनिकने स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने कार्बोरेटर उघडला. आपल्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसाच कार्बोरेटरमध्ये एक फ्लोट असतो. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की तो वर उचलला जातो आणि एक सुई वाट बंद करते. आमची ती सुई झिजली होती. स्क्रू कितीही फिरवा, वाट बंदच होत नव्हती!

हाच फ्लोट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायलटांच्या जिवावर उठला होता.

१९४० साली ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन होतं. जबरदस्त इंजिन, पण कार्बोरेटरवालं. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये मात्र फ्युएल इंजेक्शन होतं. जर्मन पायलट मागे लागलेल्या ब्रिटिश विमानाला चुकवायला सरळ नाक खाली दाबून सूर मारायचा. ब्रिटिश पायलटने तसंच केलं की त्याचं इंजिन खोकायचं, कधी बंदच पडायचं. मग पायलट विमान आधी अर्धं उलटं करून मग सूर मारायचे. त्याने इंजिन चालू राहायचं, पण तेवढ्यात शिकार निसटलेली असायची. आणि मागे शत्रू असेल तर? आपणच शिकार.

आता बग नेमका कुठे होता? झटक्यात नाक खाली घातलं की विमानातल्या सगळ्या गोष्टी छताकडे फेकल्या जातात. पेट्रोलही फ्लोटच्या डब्यात वर जायचं आणि खालच्या जेटला पेट्रोलच मिळायचं नाही. इंजिन क्षणभर लीन, म्हणजे उपाशी. ही पहिली खोक. पण खरा घात पुढे होता. पेट्रोल वर गेलं की फ्लोट उलटा तळाकडे जायचा. सुईला वाटायचं डबा रिकामा आहे, म्हणून ती वाट सताड उघडायची. मागून पंप पूर्ण जोरात पेट्रोल ढकलतोय, डबा तुडुंब भरतोय, आणि इंजिन रिच होऊन बंद. म्हणजे सुरुवात उपासमारीने आणि शेवट अतिखाण्याने! नुसती पहिली खोक ऐकून कुणी पेट्रोल वाढवलं असतं, तर रोग आणखी बळावला असता.

हे कोडं फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिआट्रिस शिलिंग यांनी सोडवलं. सगळे त्यांना टिली म्हणायचे. मँचेस्टर विद्यापीठातून इंजिनिअर झालेली ही बाई १९३४ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी १०० मैलांच्या वर पळवून गोल्ड स्टार घेऊन आली होती. इंजिनाचं दुखणं तिला कागदावरून नाही, हाताने कळत होतं.

तिचा उपाय ऐका. पितळेचा एक छोटा तुकडा, मधे भोक. आधी टोपणासारखा, नंतर साध्या वॉशरसारखी चपटी चकती. ती कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या वाटेत बसवायची. भोक मोजून असं पाडलं की पूर्ण ताकदीला जेवढं पेट्रोल लागतं तेवढंच जाईल, त्यावर थेंब नाही. आता सुई कितीही उघडी राहो, पूर येणारच नाही. पहिली खोक राहिली, पण इंजिन बंद पडणं बऱ्याच अंशी टळलं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ही चकती बसवायला विमान कारखान्यात न्यावं लागत नव्हतं. आमच्या भाषेत, सर्व्हर बंद न करता पॅच! १९४१ च्या मार्चपर्यंत टिली आणि तिची छोटी टीम विमानतळांवर फिरून चकत्या बसवत होती, आणि टिली स्वतः मोटारसायकलवर. पायलटांनी त्या चकतीला ‘मिस शिलिंग्ज ऑरिफिस’ असं जरा चावट नाव दिलं. खरं तर टिलीचं लग्न १९३८ सालीच झालं होतं, तरी चकती मिसच राहिली.

एक गैरसमज दूर करतो. या चकतीने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकली असं बरेच जण सांगतात. ती लढाई १९४० च्या शरदातच संपली होती. त्या उन्हाळ्यातले पायलट हा दोष घेऊनच उडले आणि लढले. चकती नंतरच्या पोरांसाठी आली. आणि तीही कायमचा इलाज नव्हती. तो १९४३ साली प्रेशर कार्बोरेटरने केला. पण मधली दोन वर्षं रोज उडणाऱ्या माणसांना नवीन डिझाइनची वाट बघायला वेळ नव्हता.

आमच्या गाडीला दुसऱ्या मेकॅनिकने नवी सुई बसवली आणि स्क्रू पुन्हा जागेवर आणला. काळा धूर गेला. ऑफिसमध्ये रात्री दोनला काही बंद पडलं आणि कुणी घाईने पहिला स्क्रू फिरवायला निघालं की मला अजून ती झिजलेली सुई आठवते. मी आधी एकच विचारतो, हे उपाशी आहे की जास्त झालंय?

तुमच्या घरच्या जुन्या गाडीची अशी गोष्ट असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!